एकशे एक्केचाळीस भोकं

भागीरथा रामटेके हिच्या हातचं काम भिलाईत निदान चारशे माणसांनी अंगावर घातलं असेल. त्यातलं एकही तिला कुणाला दाखवता आलं नाही. भरतकाम करणारीची उशी पाहुण्यांपुढे मांडतात. विणणारीचा स्वेटर लग्नाला घालून जातात. भागीरथा रफू करायची. रफू दाखवता आली म्हणजे ती बिघडली. त्यामुळे बेचाळीस वर्षांत तिला शाबासकी मिळाली नाही. शाबासकी द्यावी असं कपड्यावर काही उरतच नसे.

ती मूळची भंडारा जिल्ह्यातली, पवनीजवळच्या एका खेड्यातली. घरात माग होता. चालायला लागली तेव्हापासून धागा हातात. लग्न होऊन भिलाईत मरोद्याला, पोलाद कारखान्याच्या क्वार्टरात आली तेव्हा नवरा कवडू तिथल्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये, पोलाद वितळवायच्या भट्टीवर होता. भट्टीवरच्या माणसाचा शर्ट महिन्याभरात चाळणी होतो. ठिणगी आधी कापड खाते, मग कातडी. कवडूच्या कातडीचं भागीरथाला काही करता येत नव्हतं. कापडाचं येत होतं. तिने शर्टाच्या आतल्या शिवणीतून धागे ओढले आणि त्याच धाग्यांनी भोक विणून काढलं, उभा धागा, आडवा धागा, मागावर विणतात तसं. कवडूने तो शर्ट दोन दिवस घातला आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "तो फाटका कुठं ठेवला वो?"

त्याच्याकडून झालेली तारीफ म्हणाल तर ती एवढीच.

मग शेजारच्या बायका यायला लागल्या. त्यांची एक रीत होती. रफू करून द्या असं तोंडाने कुणी म्हणायचं नाही. फुकटचं काम सांगायची लाज वाटे. बाई काहीतरी निमित्त काढून यायची, चहा प्यायची आणि जाताना नवऱ्याचा शर्ट बाजेवर ठेवून म्हणायची, "भोकं राहू द्या बाई, कायले डोळे फोडता." एवढं बोलून निघून जायची. चार दिवसांनी शर्ट न्यायला यायची, सोबत पाव किलो वांगी नाहीतर वाडगाभर तीळ. राहू द्या म्हटलं की काम निघालं. दोनदा म्हटलं की घाई आहे. जिच्या नवऱ्याला दुसरा शर्टच नसायचा ती तीनदा म्हणायची. एवढ्या वर्षांत या बोलण्याचा अर्थ लावताना भागीरथा एकदाही चुकली नव्हती.

कवडू रिटायर झाला. क्वार्टर सोडून त्यांनी भिलाईतच, कोहक्यात दोन खोल्यांचं घर बांधलं. मुलगा प्रफुल रेल्वेत लागला, नागपूरची प्रेरणा सून म्हणून आली. भागीरथाच्या एका डोळ्यात ऑपरेशन होऊन नवं भिंग बसलं. त्याच डोळ्याने ती सुईत दोरा ओवायची. दुसऱ्याने स्वयंपाकाकडे पाहायची.

प्रेरणा एका बायकांच्या गटात जायची. गटाचं नाव 'कतरन'. जुन्या कपड्यांपासून शोभेच्या वस्तू करायच्या, वर्षातून एकदा त्यांची प्रदर्शनी मांडायची. साडीच्या काठांची तोरणं, जीन्सच्या खिशांची भिंतीवर लावायची पाकिटं, दुपट्ट्यांचे कंदील, टायांचे साप. एकदा डबा द्यायला म्हणून भागीरथा तिथे गेली. मोना नावाची मुलगी हत्ती करत होती. आत चिंध्या, बाहेर जरीचं ब्लाऊजपीस, आणि सगळं गरम गोंदाच्या पिस्तुलाने चिकटवलेलं.

"देखो आंटी, बीस मिनट में हाथी तैयार."

भागीरथाने हत्तीचा कान धरून पाहिला. कान हातात आला.

"आंटी!"

"मी नाही तोडला वो. आलाच तो."

तिने प्रेरणाकडून सुईदोरा मागितला आणि उभ्या उभ्या कान शिवून दिला. चार मिनिटं लागली. मग हत्ती कानाला धरून उचलला, हवेत दोनदा झुलवला आणि मोनाच्या हातात दिला. मोना हसली. बाजूला उभ्या असलेल्या गीतांजली देशकर हसल्या नाहीत. त्या शिवणीकडे पाहत राहिल्या.

गीतांजली मॅडम गटाच्या प्रमुख. मोठ्या ऑफिसरच्या पत्नी, स्वतः काही वर्षं शाळेत चित्रकला शिकवलेल्या. स्वभावाने चांगल्या, फक्त डोकं रिकामं राहू द्यायच्या नाहीत. त्यांना आठवड्याला एक कल्पना सुचे आणि बाकीच्या बायकांना ती पुरी करता करता महिना जाई. या वेळची कल्पना मोठी होती. रिटायर झालेल्या कामगारांच्या घरून त्यांनी जुने युनिफॉर्म गोळा केले होते, बावीस. ते जोडून सहा फूट बाय नऊ फुटांचा एक पडदा करायचा, भिंतीवर टांगायला. मागून केशरी रेशमी साडी लावायची. कपड्यांना जिथे जिथे भट्टीने भोकं पाडली होती तिथून केशरी रंग दिसेल. लांबून पाहिलं की ठिणग्या. पडद्याचं नावही तेच, 'ठिणग्या'.

त्या स्वतः गाठोडं घेऊन कोहक्याला आल्या. कवडूने खुर्ची पुसून दिली. चहा झाला. गाठोडं बाजेवर सोडलं.

"मावशी, बघा तरी, किती भोकं आहेत!" मॅडम एक शर्ट उजेडाकडे धरून म्हणाल्या. चेहरा खुलला होता.

लाज झाकायला बाई हसते आहे, असं भागीरथाला वाटलं. तिला हे नवीन नव्हतं.

"हा आपला इतिहास आहे मावशी. मागून ही साडी लावायची. आणि भोकं मात्र राहू द्या हं. एकही बुजवू नका."

"बरं."

"नक्की ना? भोकं राहू द्या."

"हो जी, समजलं मले."

मॅडमनी मग तिचा हात हातात घेतला. "खाली एक कार्ड लावू. त्यावर तुमचं नाव. मोठ्या अक्षरात." त्या उठल्या, चपला घातल्या, गाडीपर्यंत गेल्या आणि फाटकातून पुन्हा आत डोकावल्या. "मावशी, विसरू नका. भोकं राहू द्या!"

गाडी गेली. भागीरथाने नवऱ्याकडे पाहिलं.

"तीनदा म्हटलं," कवडू म्हणाला.

"लय अडचणीत दिसते बिचारी."

कार्डाची गोष्ट मात्र तिच्या मनात बसली. नाव कशावर लिहायचं असतं हे तिला माहीत होतं. राशनकार्डावर, औषधाच्या चिठ्ठीवर. कामाखाली नाव लिहितात हे तिने पाहिलं होतं, पण ते दुसऱ्यांच्या. संध्याकाळी पोळ्या करता करता तिने सुनेला विचारलं, "नाव कसं लिहितीन?"

"भागीरथा कवडू रामटेके."

"कवडू कायले? त्यानं काय केलं?"

"भोकं मीच पाडली ना बाप्पा," कवडू बाहेरून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने काम धरलं. आधी भोकं मोजली. बावीस कपड्यांत एकशे एक्केचाळीस. मसुराएवढं भोक असेल तर चाळीस मिनिटं, चिंचोक्याएवढं असेल तर सकाळ जाते. जळलेली कड कडक असते, ती आधी कातरून मऊ कापडापर्यंत यावं लागतं, म्हणजे भोक बुजवण्याआधी मोठं करावं लागतं. धागा त्याच कपड्याचा हवा. तो आतल्या शिवणीतून काढायचा. पण आतला धागा उन्हापावसात गेलेला नसतो, त्याचा रंग गडद. तसाच घातला तर डाग दिसतो. म्हणून तिने प्रत्येक कपड्याचे धागे वेगळे काढले, खडीसाबणाने धुतले आणि गच्चीवर तारेला बांधून वाळवले. कुठे दोन दिवस, कुठे चार. एप्रिलमधलं भिलाईचं ऊन रंग उडवायला दुसरं काही लागू देत नाही. धागा कपड्याच्या रंगाला आला की खाली आणायचा. कापड उपड्या स्टीलच्या वाटीवर ताणायचं आणि सुरू करायचं. दिवसाला आठ भोकं. नववं घेतलं की धागा दोन दिसायला लागे, मग ती सुई टोचून ठेवी. नववं भोक खराब होतं हा तिचा हिशेब होता आणि तो ती मोडत नसे.

प्रेरणाने एकदा विचारलं, "आई, मॅडमनी भोकं ठेवायले सांगितली होती ना?"

"सांगितली."

"मग?"

"तू क्वार्टरात नाही वाढली."

प्रेरणाला स्वतःच्या तोरणांची घाई होती. सासूचं आणि मॅडमचं काही ठरलं असेल असं समजून ती निघून गेली.

वीस दिवस लागले. मग तीन दिवस मशीनवर जोडकाम. केशरी साडी तिने अस्तर म्हणून लावली. एवढी चांगली रेशमी साडी अस्तरात घालवायची हे तिच्या जिवावर आलं, पण ऑफिसरांच्या घरी असंच असेल म्हणून तिने विचारलं नाही. पडदा पुरा झाला तेव्हा तिने तो गच्चीच्या कठड्यावरून सोडला आणि रस्त्यावर जाऊन पाहिला. खाकी, निळा, फिका निळा, खिसे, कॉलरी, बाह्या. सपाट आणि अख्खा. तिला बरं वाटलं.

प्रदर्शनी शनिवारपासून होती. शुक्रवारी दुपारी कवडू आणि ती ऑटोतून पडदा घेऊन सेक्टरातल्या सभागृहात पोचले. मुलींनी तो भिंतीवर चढवला. गीतांजली मॅडम मागे सरकत गेल्या, चित्रकार सरकतात तशा. दहा पावलं मागे जाऊन थांबल्या.

"मावशी, ठिणग्या कुठे आहेत?"

"जी?"

"भोकं. भोकं कुठे गेली?"

"एकबी नाही ठेवलं," भागीरथा म्हणाली. हे वाक्य म्हणायची वेळ आयुष्यात पहिल्यांदा आली होती, म्हणून ती जरा मोठ्याने म्हणाली.

मॅडम खुर्चीवर बसल्या. मोनाने पंख्याचं बटण दाबलं. 

"मी तीनदा सांगितलं होतं, मावशी."

"तीनदाच म्हटलं जी. म्हणून तर दुसरं काही हाती नाही घेतलं."

मॅडमना हे कळलं नाही. कळण्यासारखं नव्हतंच, त्या कधी क्वार्टरात राहिल्या नव्हत्या. त्या ओरडल्या नाहीत, तेवढा त्यांचा चांगुलपणा. कपाळावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "बरं. उसवता येईल का? सगळी नको. पन्नास-साठ तरी उघडा. उद्या सकाळी दहाला लोक येणार आहेत."

भागीरथाचा चेहरा उतरला. पण कपडा बाईचा होता. तिने पिशवीतून कातर काढली, चष्मा चढवला आणि पडद्याजवळ गेली. कॉलरीपासून सुरुवात केली. बोट फिरवलं. बाहीवर आली. खिशाजवळ वाकली. नवं भिंग कापडाला टेकेल इतकं जवळ नेलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. कातर हातात तशीच.

"काय झालं मावशी?"

"नाही सापडून राहिलं जी."

"काय?"

"भोकं. एकबी."

कवडू मागून पुढे आला. त्यानेही पाहिलं. मोनाने मोबाइलचा उजेड मारला. भागीरथाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, दोन्ही एकाच वेळी, आणि दोन्ही लपवायला तिने चष्मा पुसायला घेतला.

मग कुणाला तरी सुचलं, उदबत्ती. हॉलच्या कोपऱ्यात उद्घाटनासाठी आणलेला पुडा होताच. मोगऱ्याच्या वासाचा. मॅडम आधी नको म्हणाल्या, मग घड्याळाकडे पाहिलं, मग म्हणाल्या, साडी जळायला नको, मधे पुठ्ठा सरकवा आणि जपून करा. चार मुलींनी चार काड्या पेटवल्या. एका भोकाला चार सेकंद.

कवडू आधी नुसता पाहत होता. मोनाने एका शर्टाच्या पाठीवर तिसरं भोक पाडलं तेव्हा त्याच्याने राहवलं नाही.

"पाठीवर कावून पाडून राहिली वो? भट्टीकडं पाठ करून कोण उभं राहते?"

"तो कहाँ करूँ, अंकल?"

"डाव्या बाहीवर घे. माणूस डावा हात तोंडापुढं धरते. अन् एक भोक नाही पडत कधी. ठिणगी घरंगळते. एक मोठं, मग खाली दोन बारके. असे." त्याने बोटाने दाखवलं. मुलींनी तसं केलं. थोड्या वेळाने तोच एक काडी घेऊन स्टुलावर चढला. चौतीस वर्षं ज्याने आपल्या अंगावर भोकं घेतली त्याला ती कुठे पाडावी हे शिकवताना मजा येत होती. बायको कोपऱ्यात बसली आहे हे तो विसरला.

एकशे एक्केचाळीस बुजवायला वीस दिवस. त्र्याण्णव पाडायला पाऊण तास, आणि मध्ये चहा झाला. हॉलभर मोगरा सुटला होता.

भागीरथाने परत जाताना ऑटोत एकच गोष्ट विचारली, "कार्डावर माझं नाव आहे काय अजून?"

"छापून आलं," स्टॉल लावून त्यांच्यासोबत निघालेली प्रेरणा म्हणाली.

शनिवारी तिने ते पाहिलं. पडद्याखाली पांढरं कार्ड. 'ठिणग्या. भट्टीच्या आगीने जळलेले खरे कपडे. संकल्पना: गीतांजली देशकर. शिलाई: भागीरथा कवडू रामटेके.' नाव मोठ्या अक्षरात होतं, कबूल केल्याप्रमाणे. लोक येत होते, भोकांपुढे उभे राहत होते. एका पाहुण्याने डोळे पुसले. एकीने भोकात करंगळी घालून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "क्या झेला होगा इन लोगों ने." कवडू बाजूला उभा राहून मान हलवत होता.

रविवारी बुद्धविहारातल्या बायका आल्या. वंदना आटोपून पांढऱ्या साड्यांतच आल्या होत्या, कारण भागीरथाचं नाव लागलं आहे असं प्रेरणाने सगळ्यांना सांगितलं होतं. त्यांत मरोद्याची चंपा होती. तिच्या नवऱ्याचे शर्ट भागीरथाच्या हाताखालून वीस वर्षं गेले होते. चंपाने कार्ड वाचलं, पडदा पाहिला, एक भोक पाहिलं, दुसरं पाहिलं.

"भागीरथा, डोळे गेले काय वो तुझे?"

"नाही गेले."

"मग हे असं लोकांपुढं टांगलं? अन् वरून नाव टाकलं?" चंपा जवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, ते सगळ्यांना ऐकू गेलं. "नसन होत तर मले सांगायचं होतं. माझी पोरगी आली असती मदतीले."

 बायकांनी प्रेरणाची तोरणं घेतली आणि त्या गेल्या. भागीरथा सरळ गीतांजली मॅडमकडे गेली.

"मॅडम, माझं नाव काढून टाका."

"अहो असं कसं! तुमची मेहनत आहे. नाव पाहिजेच." मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "लोकांना किती आवडतंय बघा."

"तेच म्हणून राहिली मी. काढून टाका."

पण पाहुणे आले आणि मॅडम तिकडे गेल्या. भागीरथा प्रेरणाच्या स्टॉलमागे जाऊन बसली. उद्या मी येत नाही, तुम्ही काय ते आवरा, असं तिने सुनेला सांगून टाकलं. बेचाळीस वर्षं नाव नव्हतं तेव्हा निदान बरं होतं, असं तिच्या मनात आलं.

पाचच्या सुमारास उतईहून लहानू आला. कवडूच्याच पाळीवर होता, रिटायर होऊन गावाकडे शेती पाहायचा. बावीसमधला एक शर्ट त्याचा होता आणि तो खास तो पाहायलाच दोन बस बदलून आला होता. त्याने चपला दाराशी काढल्या, जणू कुणाच्या घरी आला होता. पडद्यापुढे उभा राहून खिसे तपासत गेला. तिसऱ्या ओळीत एका खिशाचं झाकण उचललं आणि आत शाईने लिहिलेला आपला कारखान्याचा टोकन नंबर वाचला.

"हा माझा," तो म्हणाला. मग डोळे बारीक केले. "अन् माझं भोक कुठं आहे?"

"इतके सारे तो हैं, अंकल," मोना म्हणाली.

"हे बारके माझे नाहीत. माझं इथं होतं. खिशाखाली चार बोटं. पाच रुपयाच्या नाण्याएवढं. लेडलमधल्या उकळत्या पोलादाचा शिंतोडा उडाला होता. एकोणीस दिवस घरी होतो मी." त्याचा आवाज भट्टीवर बोलायच्या सवयीचा. अर्धा हॉल वळला. "काय बे कवडू, तू होता ना त्या दिवशी? खोटं बोलून राहिलो काय मी?"

"होतं," कवडू म्हणाला. "मोठं होतं."

"मग गेलं कुठं?"

स्टॉलमागून भागीरथा उठली. "बुजवलं मी, भाऊजी."

"बुजवलं?" लहानूने खिशाखाली चार बोटं टेकवली. तिथला कपडा अंगठ्याने चोळला. खालून हात घालून ताणला. "नाही वो वहिनी. इथं तर साबूत आहे."

"त्याले पूर्ण दिवस लागला. वर दुसऱ्या दिवशीचे दोन तास."

"मग दाखवा."

तिने चष्मा चढवला. पाहिलं. "इथंच असन कुठंतरी."

"कुठंतरी कसं? मी चार बोटं सांगून राहिलो."

"तेव्हाची चार बोटं. आता वाळली तुमची बोटं."

लहानूने आपल्या बोटांकडे पाहिलं आणि एक बोट वाढवून मोजलं. तिथेही काही नव्हतं. तो गुडघ्यावर बसला. त्याच्या मागे उभा असलेला एक चष्मेवाला गृहस्थ वाकला. "यहाँ था?" "यहाँ था जी, मेरा ही था." त्या गृहस्थाच्या बायकोने पर्समधून भिंग काढलं, पोथी वाचायचं. मोनाने मोबाइलचा उजेड तिरपा धरला, कारण तिरप्या उजेडात वीण उठून दिसते असं तिने कुठेतरी पाहिलं होतं. वीण उठली, पण सगळीकडे सारखीच. दोन पोरींनी पडद्याच्या मागे जाऊन पाहिलं, तिथे केशरी साडी होती. कुणीतरी म्हणालं, एवढं मोठं भोक असं जातं कसं. कुणीतरी म्हणालं, बुड्ढा शर्ट चुकला असेल. लहानूने लगेच झाकण उचलून टोकन नंबर दाखवला. माणसं जमत गेली. जळक्या भोकांकडे आता कुणी पाहत नव्हतं. ती शोधायच्या आड येत होती.

गर्दी पाहून गीतांजली मॅडम घाईने आल्या. "काय झालं?"

"मॅडम, माझं भोक चोरीले गेलं," लहानू जमिनीवरूनच म्हणाला.

भागीरथाने मग सगळं सांगितलं. शिवणीतले धागे, गच्ची, वाटी, दिवसाला आठ. तिला भाषण येत नव्हतं. कामाचा क्रम सांगता येत होता, तेवढा तिने सांगितला. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी डोक्यावर सारलेला चष्मा डोळ्यांवर ओढला, पुढे झाल्या आणि पडद्याला नाक लावलं. शुक्रवारी त्या दहा पावलं मागे गेल्या होत्या.

"मावशी, असे एकशे एक्केचाळीस?"

"हो जी."

"आणि त्यावर आम्ही..."

"त्र्याण्णव," कवडू म्हणाला. मग त्याने बायकोकडे पाहिलं. उदबत्ती धरलेला तो हात त्याने पाठीमागे घेतला.

मॅडम बराच वेळ वाकून होत्या. उठल्या तेव्हा गालावर खाकीचा एक तंतू चिकटला होता. "मी कार्ड बदलते. आत्ता. रफूचं लिहू. आणि एक-दोन ठिकाणी बाण लावू म्हणजे लोकांना..."

"बाण कुठं लावाल?" भागीरथाने विचारलं. हा टोमणा नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

मॅडमनी बोट पुढे केलं, ते कापडावरून नुसतंच फिरलं. लहानू खालून म्हणाला, "थांबा जी, बाण मी सांगतो. सापडू तर द्या."

त्याला सापडलं नाही. सात वाजता चौकीदाराने एका बाजूचे दिवे घालवले तरी तो बसून होता, आणि त्याच्याबरोबर पोथीच्या भिंगवाली बाई. शेवटी कवडूने त्याला काखेत हात घालून उभं केलं. उतईची बस निघून जाईल म्हणाला.

"उद्या बायकोले घेऊन येतो," लहानू चपला घालताना म्हणाला. "धुवायची तीच. तिले बराबर जागा माहीत असन."

"आणा," भागीरथा म्हणाली. "चष्मा आणायले सांगा."

बाहेर प्रेरणा स्कूटी काढत होती. भागीरथा पदर खोचून मागे बसली.

"उद्या किती वाजता उघडते?"

"दहाला. तुम्ही तर येणार नव्हत्या ना आई?"

"साडेनवाले निघू," भागीरथा म्हणाली.